दमणं वेगळं, चालणं वेगळं

गेल्या महिन्यात एका रविवारी वंदना झाल्यावर विहाराच्या कोपऱ्यात बीपीचं मशीन आणि साखर तपासायचं ग्लुकोमीटर मांडून आम्ही बसलो होतो. पातलीपाड्याच्या बाजूच्या एक ताई आल्या. वय त्रेचाळीस. टॉवरमधली सहा घरं करतात. बीपी १५८ वर ९६ आला. पाच मिनिटं शांत बसवलं, पुन्हा बघितला, जवळपास तेवढाच. आम्ही सवयीने म्हणालो, "ताई, दवाखान्यात दाखवून घ्या, आणि रोज अर्धा तास चालायला लागा."

ताई हसल्या. "अहो सिस्टर, सकाळी सहापासून मी चालतेच आहे. अजून किती चालू?"

मागे बसलेल्या बायकाही हसल्या. आम्हीही हसलो, पण उत्तर काही सुचलं नाही. नर्सिंगचा डिप्लोमा करून आम्ही बरीच वर्षं वॉर्डात ड्युटी केली. हजारो केसपेपरवर 'रोज चालणे' असं लिहिलेलं वाचलं आणि डिस्चार्ज देताना पेशंटला तसंच वाचून दाखवलं. कोणी चालायचं, कधी चालायचं, कुठे चालायचं, हे ना डॉक्टरांनी सांगितलं, ना आम्ही. त्या ताईंचा प्रश्न म्हणूनच डोक्यात राहिला. या महिन्याचं आरोग्याचं पान त्यांच्यासाठी.

पहिली गोष्ट म्हणजे, ताईंचं म्हणणं खोटं नाही. दिवसभरात त्या कदाचित टॉवरमधल्या ट्रॅकवर धावणाऱ्या साहेबांपेक्षा जास्त पावलं टाकत असतील. पण त्या पावलांचा हृदयाला तेवढा फायदा होत नाही, हेही खरं आहे. १९५३ साली लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी दुमजली बसवरचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली होती. दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी, बसून गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरांना जास्त. तेव्हापासून लोक धरून चालले की अंगमेहनत म्हणजे आरोग्य. आपल्याकडेही म्हणतात ना, 'कष्टाच्या माणसाला कसला आलाय रोग!' पण २०२१ मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी कोपनहेगन भागातल्या एक लाखाहून जास्त माणसांची माहिती तपासली, तर चित्र वेगळं निघालं. फावल्या वेळात जी माणसं व्यायाम करत होती त्यांना हृदयविकाराचा धोका कमी होता. आणि ज्यांच्या कामातच अंगमेहनत जास्त होती त्यांना उलट जास्त होता.

असं का, याचं कारण आपल्या बायकांना समजावून सांगायची गरज पडत नाही, त्या ते रोज भोगतात. फरशी पुसताना वाकायचं, बादली उचलायची, ओट्याशी एका जागी उभं राहायचं. श्वास लयीत चढत नाही, मध्येच थांबतो. ओझं उचलताना बीपी वर जातो आणि दिवसभर वरच राहतो. वेग आपला नसतो, मालकिणीचा असतो. दमलं म्हणून बसता येत नाही. एक घर संपलं की लिफ्टकडे पळायचं, आणि बऱ्याच इमारतींत कामवाल्या बायकांची लिफ्टही वेगळी. शरीर थकतं, पण हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना जी सलग, मोकळी, हात हलवत केलेली हालचाल हवी असते आणि त्यानंतर जी विश्रांती हवी असते, ती दोन्ही मिळत नाहीत.

पुरुषांचंही सांगायला हवं. रिक्षावाले, टेम्पोवाले, सोसायटीच्या गेटवर बारा-बारा तास प्लास्टिकच्या खुर्चीवर बसणारे वॉचमन, मोटारसायकलवर जेवण पोचवणारी पोरं. ही सगळी मंडळी रात्री 'मेलो' म्हणत घरी येतात. थकवा खरा आहे, पण पाय दिवसभरात फारसे हललेले नसतात. मॉरिस साहेबांचे ड्रायव्हर तेच.

आता दुसरी बाजू. आम्हाला एका कार्यकर्त्या मैत्रिणीने सुनावलं, "दहा तास राबलेल्या बाईला तू आणखी अर्धा तास चाल म्हणतेस, हा अन्याय नाही का?" आहे. त्या अर्ध्या तासाची किंमत कोणी द्यायची, हे आधी ठरवावं लागेल. आमचं मत स्पष्ट आहे, घरातल्या पुरुषाने द्यायची. संध्याकाळी बाई चालायला जाईल तेव्हा कुकर लावणं, पाणी भरणं, पोरांचा अभ्यास बघणं हे काम नवऱ्याचं, मुलाचं. बाबासाहेबांनी समाजाच्या प्रगतीचं माप स्त्रियांच्या प्रगतीवरून घेतलं, हे आपण जयंतीच्या भाषणात दरवर्षी ऐकतो. कुकरच्या शिट्ट्या मोजणं त्यापेक्षा सोपं आहे. आणि नवऱ्याला स्वतःला शुगर असेल तर दोघांनी आळीपाळीने जावं, एक आज सकाळी, दुसरा संध्याकाळी.

तर किती चालायचं? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली जे ठरवलं ते मोठ्या माणसांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटं, थोडा दम लागेल अशा वेगाने. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस, रोज अर्धा तास. एका दमात जमत नसेल तर दहा-दहा मिनिटं तीनदा चालतं. मोबाईलमधले दहा हजार पावलांचे आकडे बघून घाबरू नका. तो आकडा कुठल्या डॉक्टरांनी काढलेला नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नावच 'दहा हजार पावलांचं मीटर' होतं. जाहिरातीचा आकडा जगभर औषधासारखा पसरला.

वेगाची परीक्षा घरगुती आहे. चालताना भीमगीत म्हणून बघा. पूर्ण कडवं आरामात म्हणता आलं तर वेग कमी आहे, पाय उचला. गाता येत नाही, पण शेजारणीशी बोलता येतं, हा बरोबर वेग. बोलतानाही धाप लागून शब्द तुटतात, तर जास्त झालं, हळू व्हा. घड्याळ असेल तर मिनिटाला साधारण शंभर पावलं पडली पाहिजेत. मान वर, खांदे सैल, हात मोकळे. हातात पर्स, भाजीची पिशवी, पोर असं काही नको, बाजार करत केलेलं चालणं यात धरायचं नाही.

ज्यांनी कधीच व्यायाम केला नाही त्यांनी पहिल्या आठवड्यात दहा मिनिटंच चालावं, त्यातली पहिली दोन आणि शेवटची दोन अगदी सावकाश. दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवायची. पाचव्या आठवड्यात अर्धा तास होतो. घाई करून काही मिळत नाही. अर्धा तास अंगवळणी पडला की मग जपानी लोकांची एक पद्धत आहे ती करा, तीन मिनिटं भरभर, तीन मिनिटं सावकाश, पुन्हा भरभर. शिन्शू विद्यापीठातल्या प्राध्यापकांनी म्हाताऱ्या माणसांवर ती करून पाहिली आणि त्यांच्या पायांची ताकद वाढली, बीपी उतरला. घड्याळ नसेल तर विजेचे खांब मोजा, चार खांब भरभर, चार सावकाश.

शुगर असलेल्यांना आमचा आग्रह आहे की जेवण झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं चाला. जेवणानंतर रक्तात साखर चढते तेव्हाच पायाचे स्नायू ती वापरून टाकतात. चाळीच्या बोळात फेऱ्या मारल्या तरी चालतील. मात्र इन्शुलिन घेत असाल, किंवा साखर खूप खाली आणणाऱ्या गोळ्या घेत असाल, तर गोळी घेऊन रिकाम्या पोटी सकाळी चालायला जाऊ नका. खिशात साखरेची पुडी ठेवा. हातपाय थरथरले, घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तीन चमचे साखर लगेच तोंडात, आणि पंधरा मिनिटं बसून राहा. आपली गोळी कुठल्या जातीची आहे हे दवाखान्यात विचारून घ्या. गोळीची रिकामी पट्टी सोबत न्या, नाव आठवण्यापेक्षा ते बरं. साखर ३०० च्या वर असेल किंवा बीपी १८० वर ११० च्या पुढे असेल तर त्या दिवशी व्यायाम नको, त्याच दिवशी डॉक्टर. वयाची तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची बीपी-शुगर तपासणी सरकारी आणि पालिकेच्या दवाखान्यात फुकट होते. आशाताई घरी फॉर्म भरायला येतात तेव्हा 'नंतर या' म्हणू नका, तो फॉर्म त्यासाठीच असतो.

चालताना छातीवर ओझं ठेवल्यासारखं वाटलं, दुखणं जबड्यात किंवा डाव्या हातात उतरलं, एकदम घाम सुटला, तर 'गॅस झाला असेल' म्हणून सोडा पिऊन झोपायचं नाही. थांबा, बसा, १०८ ला फोन करा. वॉर्डात आम्ही असे कितीतरी पेशंट बघितले, जे रात्रभर गॅसची गोळी खाऊन सकाळी उशिरा आले. बायकांमध्ये तर छातीत दुखण्याऐवजी नुसती धाप, मळमळ, पाठीत कळ एवढंच असू शकतं.

धाप लागते म्हणून चालणं सोडणाऱ्या बायकांचं कारण पुष्कळदा हृदयात नसतं, रक्तात असतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय निघाला. हिमोग्लोबिन आठ घेऊन जिना चढणारी बाई आळशी नसते. तिचं रक्त तपासा, लोहाच्या गोळ्या दवाखान्यात मिळतात, त्या लिंबूपाण्याबरोबर घ्या, चहाबरोबर नको. चहा तासभर आधी किंवा नंतर. आणि दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर आधी थुंकी तपासून घ्या. टीबीची तपासणी आणि औषधं फुकट आहेत.

एक गोष्ट बायका आम्हाला कानात सांगतात. दोन-तीन बाळंतपणांनंतर भरभर चाललं, खोकलं, धावलं की थोडी लघवी सुटते. लाजेने चालणंच बंद होतं. यावर व्यायाम आहे. लघवी मध्येच थांबवताना जे स्नायू आवळतो ते स्नायू, पण लघवी करताना नव्हे तर एरवी, आवळून पाच आकडे मोजायचे, सोडायचे. दहा वेळा, दिवसातून तीनदा. भांडी घासताना करा, कोणाला कळत नाही. दोन-तीन महिने नेमाने करावा लागतो. फरक पडला नाही तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा, हा आजार आहे, वय झाल्याची शिक्षा नाही.

गुडघे दुखणाऱ्यांनी आठवड्यातून दोन दिवस पायांना ताकद द्यावी. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं आणि सावकाश बसायचं, दहा वेळा. जिन्याच्या पायरीच्या कडेला चवड्यांवर उभं राहून टाचा वर-खाली, भिंतीला धरून. भिंतीला तळहात लावून दंड काढल्यासारखं. मांडीचे स्नायू मजबूत झाले की गुडघ्यावरचा भार कमी होतो. तेल चोळून तेवढं होत नाही, हे आमच्या आईला मात्र आम्ही अजून पटवू शकलो नाही.

पायात काय घालायचं? स्लीपर नको. महागडा बूटही नको. टाच धरून ठेवणारा, पुढे अंगठ्याएवढी जागा राहील असा, वाकवल्यावर चवड्याजवळ वाकणारा आणि मधोमध न मोडणारा बूट हवा. संध्याकाळी घ्यायला जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात, खरं माप कळतं. तळ गुळगुळीत झाला की बदला. शुगरवाल्यांनी सुती मोजे घालावेत आणि रात्री तळपाय आरशात किंवा मुलाकडून बघून घ्यावेत. त्यांच्या पायाला खडा टोचलेला कळत नाही, आणि फोडाची जखम होऊन बोट काढावं लागलेले पेशंट आम्ही ड्रेसिंगच्या खोलीत पुष्कळ पाहिले आहेत. साडीवर बूट घालायला लाज वाटते म्हणतात. बारामतीच्या लताबाई करे साठी ओलांडलेल्या, नवऱ्याच्या तपासणीला पैसे नव्हते म्हणून नऊवारी नेसून स्पर्धेत अनवाणी धावल्या आणि जिंकल्या. त्यांच्यावर पुढे सिनेमा निघाला, त्यात त्यांनी स्वतःच काम केलं. लोक त्यांच्या जिद्दीला टाळ्या वाजवतात. आम्हीही वाजवतो, पण मनात येतं की एका तपासणीसाठी म्हातारीला धावावं लागलं, याची चर्चा कोणी करत नाही.

आता तरुण पोरांकडे वळू. आपल्या वस्त्यांतली मुलं-मुली पहाटे सर्व्हिस रोडवर धावतात ती बहुतेक पोलीस भरतीसाठी. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, वर १०० मीटर आणि गोळाफेक. जाहिरात निघाली की दीड महिन्यात तयारी, रोज पूर्ण ताकदीने धावायचं, नडगी दुखली की गोळी खाऊन पुन्हा धावायचं. हे चूक आहे. भरतीच्या मैदानावर तरुण पोरं कोसळल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. आठवड्यातले तीन दिवस बोलता येईल अशा सावकाश वेगाने धावा, सुरुवातीला एक मिनिट धाव आणि दोन मिनिटं चाल. महिना-दीड महिना असा पाया झाला की आठवड्यातले दोनच दिवस वेगाचे, दोनशे किंवा चारशे मीटर जोरात, मग चालत दम घ्यायचा, पुन्हा. एक पूर्ण दिवस आराम. नडगीच्या हाडावर बोट ठेवल्यावर एकाच ठिकाणी दुखत असेल तर दोन आठवडे धावणं बंद आणि डॉक्टर, तो हाडाला गेलेला बारीक तडा असू शकतो. ताप असताना धावायचं नाही. कोणी दंडात इंजेक्शन घे, ही पावडर पी, असं सांगितलं तर त्याच्यापासून दूर राहा. कवितांचं उदाहरण द्यायचं तर, नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या आदिवासी मुलीने, कविता राऊतने, २०१० च्या दिल्लीतल्या राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरमध्ये कांस्यपदक आणलं. ते दीड महिन्याच्या तयारीत आलेलं नाही, अनेक वर्षांचं काम आहे.

आणि ज्यांना ऑगस्टच्या वर्षा मॅरेथॉनमध्ये भाग घ्यायचाय त्यांनी जरूर घ्यावा, गंमत येते, टी-शर्ट मिळतो. पण मैत्रिणीने फॉर्म भरला म्हणून आपण एकदम २१ किलोमीटर नको. लहान गटात नाव द्या.

चालण्याची आठवण आपल्याला दुसऱ्यांनी करून द्यावी, हेही जरा नवलच. तथागत पंचेचाळीस वर्षं पायी चारिका करत फिरले. अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत, लांबच्या प्रवासाची ताकद येते, परिश्रमाची क्षमता येते, आजार कमी होतात, खाल्लेलं पचतं, आणि चालताना साधलेली एकाग्रता बराच काळ टिकते. पाचातले चार सरळ शरीराचे आहेत. विहारातल्या शिबिरांत आपण बसून ध्यान शिकवतो, चंक्रमण फारसं शिकवत नाही. विहाराच्या आवारात वंदनेनंतर वीस मिनिटं सगळ्यांनी मिळून चंक्रमण करायला हरकत काय आहे? म्हाताऱ्यांना सुरक्षित जागा मिळेल.

कारण जागा, हा या सगळ्यातला खरा प्रश्न. घोडबंदर रोडवर राहणाऱ्याला 'चाल' म्हणणं सोपं आहे. माजिवड्यापासून गायमुखापर्यंत वर मेट्रो चारचे खांब, खाली बॅरिकेड, खोदलेलं आणि पुन्हा बुजवलेलं, उघडी गटारं, मिक्सरच्या गाड्या. न्हावाशेवा बंदराकडून गुजरातकडे जाणारे कंटेनर याच रस्त्याने. रात्री सुटलेली अवजड वाहनं पहाटे पाचला अजून धावत असतात, आणि बायकांना वेळ असतो तो नेमका पहाटे पाचचा. मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, तिन्ही ठिकाणी पूल गाड्यांसाठी वर गेला आणि माणूस खाली सिग्नलच्या गोंधळात राहिला. दोन वर्षांपूर्वी आम्ही स्वतः संध्याकाळी चालताना फुटपाथच्या निघालेल्या लादीवर पाय पडून आपटलो, मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. लोकांना चाला सांगणारी सिस्टर गळ्यात हात बांधून फिरत होती, यावर वस्तीने भरपूर करमणूक करून घेतली.

येऊरच्या पायथ्याशी उपवन तलावाच्या काठी चालणाऱ्यांची गर्दी असते, कचराळी तलावाभोवतीही असते. पण ओवळ्याच्या किंवा डोंगरीपाड्याच्या बाईने तिथे जायचं म्हणजे रिक्षाचं भाडं. टॉवरच्या आत ट्रॅक आहेत, झाडं आहेत, बाकं आहेत. त्याच टॉवरमध्ये सहा घरं करणाऱ्या आमच्या ताई एकदा काम आटोपून त्या ट्रॅकवर दोन चकरा मारायला गेल्या, तर वॉचमनने हटकलं. तो वॉचमनही आपल्याच शेजारच्या वस्तीतला. त्याला तसा नियम दिलेला.

तोवर काय करायचं, तर मुख्य रस्ता सोडा. आतल्या गल्ल्या, शाळेचं मैदान, पालिकेचं उद्यान, विहाराचं आवार, जे असेल ते पकडा. थंडीत अगदी पहाटे धूर आणि धूळ जमिनीलगत साचून राहते, दमा असलेल्यांनी ऊन पडल्यावर निघावं. रस्त्यानेच जावं लागलं तर समोरून येणारी गाडी दिसेल अशा उजव्या बाजूने चाला, कानात इअरफोन नको, अंधारात फिकट रंगाचे कपडे. मुली-बायकांनी चौघी-पाचजणींचा गट करावा, एकटीने चालणं पंधरा दिवसांत सुटतं, गटाने सुटत नाही. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून जावं लागलं आणि पायाला जखम, भेग असेल तर लेप्टोचा धोका असतो. २४ ते ७२ तासांत दवाखान्यात जाऊन सांगा, प्रतिबंधक गोळी देतात. ताप यायची वाट बघू नका.

पण गल्लीबोळात कायम भागवून घ्यायचं, हे आम्हाला मान्य नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की पादचाऱ्यांना फुटपाथ वापरता येणं हा संविधानाच्या कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. फुटपाथ किती रुंद हवा तेही ठरलेलं आहे, इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार चालायला मोकळी जागा किमान १.८ मीटर. शिवणकामाची टेप दीड मीटरची असते. म्हणजे ती आडवी पसरली आणि पलीकडे फूटभर जागा उरली नाही, तर तो फुटपाथ अपुरा. आम्ही पाचजणींनी टेप घेऊन आपल्या बाजूचा रस्ता मोजायला सुरुवात केली आहे. कुठे किती रुंदी, कुठे लादी नाही, कुठे गटारावर झाकण नाही, कुठे दिवा बंद, सगळं वहीत, तारखेसह, मोबाईलवर फोटो. लोक विचारतात, "मेट्रोवाल्या आहात का?"

ही यादी जोडून प्रभाग समितीच्या कार्यालयात अर्ज द्यायचा आहे. अर्ज साधा असावा, एका पानाचा. मागण्या तीनच ठेवा, गटारांवर झाकणं, दिवे, आणि काम चालू आहे तिथे माणसांना जायला बॅरिकेडच्या आतून वेगळी वाट. जास्त मागितलं की एकही होत नाही, हा अनुभव आहे. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. महिन्याभरात उत्तर आलं नाही तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपयांचा अर्ज करून विचारा की आमच्या अमुक क्रमांकाच्या अर्जावर काय कारवाई झाली.

त्या ताईंचं काय झालं, तर दवाखान्यात जाऊन त्यांनी गोळी सुरू केली. संध्याकाळी सातला शाळेमागच्या गल्लीत त्या आणि आणखी तिघी चालतात. गेल्या वेळी बीपी १४२ वर ८८ होता, गोळीने किती आणि चालण्याने किती ते आम्ही सांगू शकत नाही. गोळी बंद करू का, असं त्यांनी विचारलं. नाही, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नाही. कुकर सध्या मोठा मुलगा लावतो. भात करपतो म्हणाल्या, पण लावतो.

ज्या वस्तीला अर्जाचा नमुना हवा असेल त्यांनी येत्या रविवारी वंदनेनंतर विहारात यावं, येताना शिवणकामाची टेप आणावी. बीपीचं मशीनही असेल. तपासून घ्यायचं असेल तर आधी अर्धा तास चहा पिऊ नका आणि मिश्री-तंबाखू लावू नका, नाहीतर आकडा उगाच वर येतो.